हरवलेली ओळ: डेटाबेस सर्व्हर क्वेरीचं उत्तर चुकवतो तेव्हा

समजा, नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या तीन गाड्या आल्या. पहिली काटोलची, दुसरी नरखेडची, तिसरी कळमेश्वरची. काटोलचा माल १० नंबरच्या अडत्याकडे उतरला, नरखेडचा ११ नंबरकडे. कळमेश्वरच्या गाडीचा अडत्या अजून ठरलेला नाही, म्हणून तो रकाना कोरा आहे. डेटाबेसच्या भाषेत तिथे नल आहे. अडत्यांचं टेबल वेगळं: १० नंबरचा परवाना २०२७ पर्यंत चालतो, ११ नंबरचा २०२५ मध्ये संपला.

आता यादी हवी आहे ती अशा गाड्यांची, ज्यांच्या अडत्याकडे २०२६ सालचा परवाना नाही, किंवा ज्यांना अडत्याच नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अशी:

सिलेक्ट आवक.क्रमांक, आवक.गाव
फ्रॉम आवक
लेफ्ट जॉइन अडते ऑन आवक.अडत्या = अडते.क्रमांक
व्हेअर कोअलेस(अडते.परवाना, ०) < २०२६;

लेफ्ट जॉइनचा अर्थ असा, की डावीकडची प्रत्येक गाडी ठेवायची आणि उजवीकडे अडत्या सापडला नाही तर त्याचे रकाने नलने भरायचे. कोअलेस नलच्या जागी शून्य देतो. कळमेश्वरच्या गाडीसाठी शून्य आलं, शून्य हे २०२६ पेक्षा लहान, म्हणून ती गाडी यादीत यायलाच हवी. बरोबर उत्तर दोन ओळींचं: नरखेड आणि कळमेश्वर.

सर्व्हरने मात्र एकटं नरखेड दिलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, क्वेरी झटक्यात संपली.

हे उदाहरण रचलेलं आहे. आजचे मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हे डेटाबेस सर्व्हर नेमकी ही क्वेरी बरोबर सोडवतात. पण या जातीचा बग रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये पुन्हा पुन्हा उगवतो आणि दुरुस्तीची सगळी रीत त्यात दिसते, म्हणून तो मुद्दाम निवडला. सर्व्हर कोसळला की निदान सगळ्यांना कळतं. चुकीचं उत्तर निमूटपणे रिपोर्टात जातं, रिपोर्टातून निर्णयात जातं, आणि महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं तेव्हा मधल्या काळातला कोणता आकडा खरा होता हे सांगायला कुणीही नसतं. म्हणून अशा बगला क्रॅशपेक्षा वरचा क्रम द्यायला हवा.

क्वेरी आत गेल्यावर काय होतं

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. त्याचा गाभा असा, की वापरणाऱ्याने काय हवं तेवढं सांगावं, ते कसं आणायचं हे यंत्राने ठरवावं. त्यामुळे सर्व्हरला मोठी मोकळीक मिळते आणि बगही याच मोकळिकीत राहतात.

पहिल्यांदा पार्सर मजकुराचे तुकडे करून त्याचं झाड बांधतो. मग नावं जुळवली जातात, म्हणजे ‘परवाना’ हा कॉलम नक्की कोणत्या टेबलातला, त्याचा प्रकार काय, तो नल असू शकतो का. त्यानंतर क्वेरीचं रूप बदललं जातं: सबक्वेरीचा, म्हणजे क्वेरीतल्या क्वेरीचा, जॉइन करायचा, कायम खऱ्या अटी काढून टाकायच्या, लेफ्ट जॉइनचा शक्य तिथे साधा जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) करायचा. पुढे ऑप्टिमायझर खर्चाचा अंदाज घेऊन प्लॅन, म्हणजे ओळी कशा आणि कोणत्या क्रमाने आणायच्या ते, निवडतो. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात १९७९ मध्ये मांडलेली पद्धत आजही बहुतेक सर्व्हरांच्या मुळाशी आहे. शेवटी एक्झिक्युटर तो प्लॅन चालवून ओळी देतो.

चुकीचं उत्तर एक्झिक्युटरच्या हातून बाहेर पडतं, म्हणून नवखा माणूस तिथेच खणत बसतो. आपल्या उदाहरणात एक्झिक्युटरने काहीच चूक केलेली नाही. त्याच्याकडे साधा जॉइन आला, त्याने साधा जॉइन चालवला. क्वेरीचा अर्थ त्याच्याआधीच बदलला होता. कोणत्या टप्प्यावर अर्थ बदलला हे शोधणं हेच खरं काम, आणि दुरुस्तीही त्याच टप्प्यावर व्हायला हवी. पुढच्या टप्प्यात ठिगळ लावलं तर तीच चूक दुसऱ्या क्वेरीतून डोकं वर काढते.

आधी खात्री: हा बग आहे का?

तक्रार म्हणून येणाऱ्या बऱ्याच गोष्टी एसक्यूएलच्या, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेच्या, नियमानेच घडलेल्या असतात. ‘नॉट इन’ च्या यादीत एक जरी नल असला तर उत्तरात एकही ओळ येत नाही, कारण नलशी तुलना केली की निकाल ‘अज्ञात’ येतो आणि व्हेअर फक्त ‘खरं’ असलेलंच पुढे सोडतं. ऑर्डर बाय लिहिलेलं नसेल तर ओळींचा क्रम कसाही येऊ शकतो, मायएसक्यूएल ८.० मध्ये ग्रुप बायसोबत आपोआप होणारं सॉर्टिंग बंद झालं तेव्हा पुष्कळांना हे नव्याने कळलं. मायएसक्यूएलमध्ये स्ट्रिंग कॉलमची तुलना आकड्याशी केली तर दोन्ही बाजू फ्लोटिंग पॉइंट (ठरावीक अंकांपर्यंतच अचूक) आकडे होतात, आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पलीकडे शेजारचे दोन पूर्णांक एकच वाटू शकतात. लांबलचक खाते क्रमांक स्ट्रिंगमध्ये ठेवून अवतरणचिन्हांशिवाय शोधले, तर हा फटका हमखास बसतो.

यातलं काही नसेल तर ऑप्टिमायझरला पकडायच्या दोन फार सुंदर युक्त्या आहेत. दोन्ही मॅन्युएल रिगर आणि झेंडाँग सू या संशोधकांच्या कामातून पुढे आल्या आणि एसक्यूलान्सर या चाचणी साधनात आहेत. बरोबर उत्तर आधी माहीत असण्याची गरज दोन्हींना नाही.

पहिलीत व्हेअरमधली अट उचलून सिलेक्टमध्ये ठेवायची आणि किती ओळींसाठी ती खरी येते ते मोजायचं. अट सिलेक्टमध्ये गेली की ओळी गाळण्यासाठी ती वापरता येत नाही, त्यामुळे ऑप्टिमायझरचे हात बांधले जातात. आपल्या क्वेरीत हा आकडा २ येतो आणि व्हेअरवाल्या क्वेरीत ओळ १ येते. तफावत मिळाली.

दुसरीत अटीचे तीन भाग करायचे: अट खरी असलेल्या ओळी, अट खोटी असलेल्या ओळी, अट नल असलेल्या ओळी. कोणतीही ओळ या तिघांपैकी एकातच बसते, म्हणून तिन्हींची बेरीज अट नसलेल्या क्वेरीएवढी यायला हवी. इथे ती १ अधिक १ अधिक ०, म्हणजे २ आली. गाड्या ३ आहेत. एक ओळ हरवली हे आता गणितानेच सिद्ध झालं.

क्वेरी आटवणं

प्रत्यक्षात तक्रार येते ती नऊ टेबलं, चार सबक्वेऱ्या आणि दोनशे कॉलमांच्या क्वेरीची. तिला आटवत आटवत दहा-बारा ओळींवर आणायचं असतं. एका वेळी एकच गोष्ट काढा: एक टेबल, एक अट, एक इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची), अर्ध्या ओळी. दर वेळी चूक टिकून आहे का ते बघा. नाहीशी झाली तर तो भाग परत लावा आणि नोंद ठेवा, कारण तोच भाग बगशी नातं सांगतो आहे.

इथे काही खड्डे ठरलेले आहेत. मायएसक्यूएलमध्ये युनिक की (ज्याची किंमत दोन ओळींत सारखी नसते असा रकाना) वरून एकच ओळ निघणार हे ठरलेलं असेल, किंवा स्टोरेज इंजिन (डेटा प्रत्यक्ष साठवणारा भाग) नेमकी ओळसंख्या सांगतं आणि टेबलात एकच ओळ आहे, तर ऑप्टिमायझर ते टेबल प्लॅन ठरवतानाच वाचून टाकतो आणि त्याला स्थिरांक मानतो. आटवताना टेबल एका ओळीवर आणलं की प्लॅन पार बदलतो आणि बग लपतो. म्हणून प्रत्येक टेबलात निदान दोन-तीन ओळी ठेवा, आणि त्यातली एक जुळणी न होणारी.

दुसरा खड्डा आकडेवारीचा, म्हणजे प्लॅन निवडताना ऑप्टिमायझर वापरतो त्या अंदाजांचा. मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन इनोडीबी मूळ सेटिंगनुसार इंडेक्सची २० पानं वाचून अंदाज बांधतं. पोस्टग्रेस मूळ सेटिंगवर ३०,००० ओळींचा नमुना घेतं. नमुना यादृच्छिक असतो, त्यामुळे एका मशीनवर दिसलेला बग दुसऱ्या मशीनवर दिसेलच असं नाही. म्हणून डेटा भरल्यावर ॲनलाइझ (आकडेवारी नव्याने घेणारी आज्ञा) चालवा आणि एक्सप्लेनचा (प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेचा) निकाल तक्रारीसोबत जोडा. चुकीचं उत्तर आणि त्या वेळचा प्लॅन अशी जोडी हातात असेल, तर तपास करणाऱ्याचे दोन दिवस वाचतात.

टप्पा सापडवणं

आटवलेली क्वेरी हाती आली की एकेक युक्ती बंद करून बघायची. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत ऑप्टिमायझर स्विच नावाचं सेटिंग आहे. त्यातून सेमीजॉइन, मटेरियलायझेशन, इंडेक्स मर्ज वगैरे वेगवेगळं बंद करता येतं. पोस्टग्रेसमध्ये हॅश जॉइन, मर्ज जॉइन, नेस्टेड लूप यांची अशीच बटणं आहेत. एखादं बटण बंद केल्यावर उत्तर सुधारलं तर संशयित सापडला. पण जपून: बटण बंद केल्याने प्लॅन बदलतो, आणि कधी कधी बग तसाच असतो, फक्त त्याच्यावरून जाणारी वाट बंद झालेली असते. उत्तर सुधारलं याला पुरावा समजू नका. शोध कुठे घ्यायचा याची ती खूण आहे.

आपल्या उदाहरणात कोणतंही बटण दाबलं तरी कळमेश्वर परत येत नाही. प्लॅन कोणताही असो, उत्तर तेच चूक, म्हणजे गडबड प्लॅन निवडण्याच्या आधीची आहे. मायएसक्यूएलमध्ये एक्सप्लेननंतर लगेच शो वॉर्निंग्ज द्या. सर्व्हरने रूप बदललेली क्वेरी तिथे छापून येते. तिच्यात ‘लेफ्ट जॉइन’ गायब आहे आणि नुसतं ‘जॉइन’ उरलं आहे. इथे हात ठेवायचा.

लेफ्ट जॉइनचा साधा जॉइन करणं ही मुळात फार उपयोगाची युक्ती. व्हेअरमध्ये ‘अडते.परवाना < २०२६’ एवढंच असतं, तर अडत्या नसलेल्या गाडीसाठी अट अज्ञात आली असती आणि ती ओळ तशीही गळली असती. मग तिला आधी नलने भरायचं आणि नंतर फेकायचं कशाला? साधा जॉइन केला की टेबलांचा क्रम बदलायची मुभा मिळते आणि क्वेरी कित्येक पट वेगाने चालू शकते. अट एकच: व्हेअर ‘नल नाकारणारं’ असलं पाहिजे, म्हणजे उजव्या टेबलाचे रकाने नल असताना ते कधीच खरं येता कामा नये.

सर्व्हर हे ठरवतो कसं? मायएसक्यूएलच्या घराण्यात (मायएसक्यूएल आणि मारियाडीबी) झाडातल्या प्रत्येक फंक्शनसोबत एक खूणपट्टी असते: या पदावलीमुळे कोणकोणत्या टेबलांचे नल नाकारले जातात. फंक्शनसाठी मूळ नियम असा, की सगळ्या घटकांच्या खुणा एकत्र करायच्या. बेरीज, वजाबाकी, तुलना यांना हे लागू पडतं, कारण त्यात एक घटक नल असला की निकालही नल. पण कोअलेस, इफनल, केस, इझ नल यांचा जन्मच नल गिळायला झालेला. त्यांनी मूळ नियम मोडून ‘माझ्यामुळे कोणताच नल नाकारला जात नाही’, म्हणजे शून्य, असं सांगायला हवं. नवं फंक्शन लिहिणारा हे विसरला की वरचा बग तयार. पोस्टग्रेसमध्ये हीच गोष्ट फंक्शन ‘स्ट्रिक्ट’ आहे की नाही या खुणेने ठरते.

डीबगरमध्ये (सर्व्हरचा कोड मध्येच थांबवून बघायच्या साधनात) थांबायची जागाही यावरून कळते. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत ‘सिम्प्लिफाय जॉइन्स’, पोस्टग्रेसमध्ये ‘रिड्यूस आउटर जॉइन्स’. तिथे ब्रेकपॉइंट लावून खूणपट्टी छापा. ‘अडते’ टेबलाचा बिट १ दिसला की कोणत्या पदावलीने तो लावला हे झाडात खाली उतरून बघायचं.

दुरुस्ती, आणि तिच्या शेजारची घरं

इथे दुरुस्ती एका ओळीची वाटते: कोअलेसने शून्य परत करावं. ती करा, पण तेवढ्यावर थांबू नका. एका फंक्शनमध्ये चूक झाली असेल तर तशीच भावंडं शोधलीच पाहिजेत. नल गिळणारी सगळी फंक्शनं काढून प्रत्येकाची खूण तपासा.

त्याहून अवघड जागा आहे ती अँड आणि ऑरची. ऑरला खुणांचा छेद घ्यावा लागतो, कारण दुसरी बाजू खरी असली तर पहिलीच्या नलचं काही चालत नाही. अँडला एकत्रीकरण चालतं, पण तो व्हेअरच्या अगदी वरच्या पातळीवर असेल तरच. हे वाक्य वाचून पटत नसेल तर ही अट बघा:

व्हेअर (अडते.परवाना > २०२६ अँड आवक.टन > १०) = ०

कळमेश्वरच्या गाडीत ८ टन माल आहे असं धरा. परवाना नल, म्हणून पहिली बाजू अज्ञात. दुसरी बाजू खोटी. अज्ञात आणि खोटं यांचा अँड होतो खोटं, अज्ञात नव्हे! म्हणजे कंसातलं ० आलं, शून्य बरोबर शून्य, आणि ओळ पात्र ठरली. इथे अँडने आपल्या दोन्ही बाजूंच्या खुणा एकत्र करून वर पाठवल्या असत्या तर सर्व्हरने लेफ्ट जॉइन काढला असता आणि कळमेश्वर पुन्हा हरवलं असतं. वरच्या पातळीवर ‘खोटं’ आणि ‘अज्ञात’ यांत फरक पडत नाही, दोन्ही ओळी गळतात, आत पडतो. हीच अट ‘नॉट’ लावून तपासायला गेलात तर बग कदाचित दिसणार नाही, कारण सर्व्हर बहुधा नॉट आत ढकलून अँडचा ऑर करतो आणि वाट बदलते. म्हणून टेस्टमध्ये दोन्ही रूपं ठेवा.

कळमेश्वर परत आणायचा आणखी एक मार्ग आहे: लेफ्ट जॉइन काढायची युक्तीच बंद करून टाकणं. उत्तर बरोबर येईल आणि हजारो बरोबर चालणाऱ्या क्वेऱ्या मंदावतील. दुरुस्ती चुकीच्या गृहीतकाएवढीच रुंद हवी, त्याहून अरुंदही नको आणि रुंदही नको.

दुसऱ्यांदा चालवल्यावर फुटणारे बग

आता क्रॅशबद्दल थोडं. डीबग बिल्ड (तपासण्या चालू ठेवून बांधलेला सर्व्हर) घ्या, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावून बांधा आणि तीच क्वेरी चालवा. साध्या बिल्डमध्ये भलतीकडेच कोसळणारा सर्व्हर इथे पहिल्या चुकीच्या स्पर्शालाच थांबतो, किंवा त्याआधी एखादा असर्ट, म्हणजे कोडमध्येच लिहिलेली तपासणी, फुटतो. तो असर्ट काढून टाकणं ही दुरुस्ती नव्हे, हे सांगावं लागतं कारण तसं केलेलं दिसतं.

या गटातला सगळ्यात चिवट प्रकार प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून वेगवेगळ्या किमतींनी पुन्हा पुन्हा चालवायची क्वेरी) आणि स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (सर्व्हरवरच साठवलेला कार्यक्रम) सापडतो: पहिल्यांदा ठीक, दुसऱ्यांदा क्रॅश किंवा चुकीचं उत्तर. कारण मायएसक्यूएलच्या घराण्यात क्वेरीचं झाड एकदा बांधून पुन्हा पुन्हा वापरलं जातं. त्यातले काही बदल कायमचे असतात, काही त्या खेपेपुरते. खेपेपुरती मेमरी काम संपल्यावर मोकळी होते. कायम राहणाऱ्या झाडात खेपेपुरत्या मेमरीतला तुकडा चिकटवला, तर दुसऱ्या खेपेला झाड मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवतं. उलटही होतं: पॅरामीटरची पहिल्या खेपेची किंमत बघून एखादी अट ‘कायम खरी’ ठरवली आणि झाडातून कायमची काढली, की दुसऱ्या खेपेला वेगळी किंमत आली तरी अट परत येत नाही. म्हणून झाडाला हात लावणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीची क्वेरी दोनदा चालवा, आणि दुसऱ्यांदा पॅरामीटर बदलून, एकदा नल देऊन चालवा.

टेस्ट आणि आवृत्त्या

पूर्वी बरोबर चालणारी क्वेरी बिघडली असेल तर गिट बायसेक्ट वापरा, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांची (कमिटांची) यादी दर वेळी निम्मी करत शोध घ्या. हजार कमिटांतून दोषी कमिट सुमारे दहा पायऱ्यांत निघतो. बायसेक्ट रनला स्क्रिप्ट दिली तर ० म्हणजे चांगलं, १ म्हणजे वाईट, १२५ म्हणजे ही आवृत्ती बिल्डच होत नाही, सोडून दे. सापडलेला कमिट नेहमीच गुन्हेगार असतो असं मात्र नाही. कित्येकदा तो फक्त प्लॅन बदलतो आणि जुनी चूक उघडी पाडतो.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत टेस्टची क्वेरी एका फाइलीत आणि अपेक्षित निकाल दुसऱ्या फाइलीत असतो. आधी टेस्ट लिहा, जुन्या बायनरीवर ती फेल होते हे डोळ्यांनी बघा, मगच कोड बदला. ऑर्डर बाय द्या किंवा निकाल सॉर्ट करून घ्या, नाहीतर टेस्ट आज पास, उद्या फेल. संपूर्ण संच पीएस प्रोटोकॉलने, म्हणजे प्रत्येक क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणून, आणि व्ह्यू प्रोटोकॉलनेही, म्हणजे प्रत्येक क्वेरी व्ह्यूमध्ये (नाव देऊन साठवलेल्या क्वेरीत) घालून, चालवा. इतर टेस्टांचे प्लॅन बदललेले दिसले तर निकालाच्या फाइली डोळे झाकून नव्याने नोंदवू नका. प्रत्येक फरक वाचा. कोअलेसच्या दुरुस्तीने काही एक्सप्लेनमध्ये लेफ्ट जॉइन परत दिसेल, ते योग्यच. साधी तुलना असलेल्या क्वेरीत तो परत आला तर तुमची दुरुस्ती जास्त रुंद झाली आहे.

मारियाडीबीत दुरुस्ती बग असलेल्या सर्वांत जुन्या चालू आवृत्तीत करतात आणि तिथून वरच्या आवृत्त्यांत मर्ज होत जाते. पोस्टग्रेसमध्ये उलट: मुख्य शाखेत करून मागच्या आवृत्त्यांत नेतात, प्रत्येक मोठ्या आवृत्तीला ५ वर्षं आधार मिळतो. चुकीच्या उत्तराची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेणं रास्त आहे. फक्त वेग वाढवणारा बदल जुन्या आवृत्तीत नेऊ नये, कारण रोजच्या चालत्या कामाचा प्लॅन एका किरकोळ अपग्रेडने बदलणं कुणालाच परवडत नाही.

कमिटच्या वर्णनात काय लिहायचं? लक्षण एका ओळीत, कारण दोन-तीन ओळींत, आणि दुरुस्ती याच जागी का केली ते. ‘क्वेरीतला बग काढला’ एवढ्याने पाच वर्षांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘कोअलेस नल नाकारतो असं धरल्यामुळे लेफ्ट जॉइनचा जॉइन होत होता आणि जुळणी नसलेल्या ओळी गळत होत्या, कोअलेसची खूण आता शून्य’ असं लिहिलं, की पुढच्या वेळी नवं फंक्शन जोडणारा माणूस शोध घेताना नेमका इथे पोहोचतो.